रिलेचं टायमिंग जरा जास्तच भारी आलंय? मग आधी हे तपासा

सीझन सुरू झाला की हे ठरलेलंच आहे. तालुका स्पर्धा उरकते, संध्याकाळी कुठल्यातरी ग्रुपवर रिझल्ट शीटचा वाकडा फोटो पडतो, १७ वर्षांखालील मुलं, ४×१०० रिले, पहिला नंबर, ४३.१२. मग काय, एक जण म्हणतो जबरदस्त, दुसरा म्हणतो "काय सांगतंस, त्रेचाळीस? स्कूटरवर बसून धावली काय?", तिसरा थेट पोरांच्या जन्मतारखेवर घसरतो, आणि रात्री जेवणं होईपर्यंत दोन शाळांचे पीटीचे सर एकमेकांशी बोलायचे बंद झालेले असतात.

संशय येणं चूक नाही. पण संशय घ्यायचीपण एक पद्धत असते आणि ती आपल्याकडे कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय. पहिली गोष्ट लक्षात ठेवा, प्रत्येक चुकीचं आपलं एक माप असतं. घड्याळ दाबण्यातली चूक साधारण किती, ट्रॅक आखण्यातली किती, लेनची किती, हे सगळं काढता येतं, कॅल्क्युलेटर मोबाईलमध्ये आहेच. तेव्हा "हे शक्यच नाय" म्हणण्याआधी आपल्याला नेमका किती सेकंदाचा संशय आहे ते ठरवायचं, आणि मग तेवढ्या मापाची चूक शोधायची. दोन दशांशाचा संशय असेल तर मैदान मोजायला धावू नका, आणि तीन सेकंदाचा असेल तर टायमकीपरच्या अंगठ्याला दोष देऊन भागणार नाही.

आधी अंदाज घ्या, ४३ म्हणजे किती

जागतिक रेकॉर्ड ३६.८४ आहे, जमैकाचं, लंडन ऑलिम्पिक २०१२, शेवटच्या लेगला, म्हणजे शेवटच्या शंभर मीटरला, बोल्ट. भारताच्या पुरुषांनी २०२५ मध्ये चंदीगडला ३८.६९ मारलं, त्याच्या आधीचं ३८.८९ हे २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमधलं, ज्यात ब्राँझ मिळालं होतं. म्हणजे देशातली सगळ्यात वेगवान चार माणसं, कँप लावून, एक्स्चेंज, म्हणजे बॅटन देणं-घेणं, घासून घासून, ३८.६९. त्यांच्या शेजारी ४३.१२ वाली टीम पळवली तर भारताची टीम फिनिशला पोचेल तेव्हा आपली पोरं साधारण ४० मीटर मागे असतील. ४० मीटर ऐकायला खूप वाटतं पण शाळेच्या पोरांसाठी हे अंतर फार कमी आहे. राष्ट्रीय पातळीवरच्या चांगल्या शालेय टीमला ४३ जमू शकतं, अशक्य बिलकुल नाही. पण तालुक्याला, पावसाने भिजलेल्या लाल मातीवर, अर्धी पोरं अनवाणी? तिथे भुवई वर गेली तर ते साहजिक आहे.

शीटवरचा आकडा नीट वाचा

हे इतकं साधं आहे की कोणी करतच नाही. ओरिजिनल शीट बघा, फोटोचा फोटो नको. आपल्याकडे अर्धे लोक मराठी आकडे लिहितात अर्धे इंग्रजी, आणि एकाच शीटवर दोन्ही असतात. घाईत लिहिलेला मराठी सहा आणि तीन एकमेकांचे आरशातले भाऊ आहेत, ४६ चा ४३ व्हायला वरची एक वेलांटी पुरते. मराठी चार तर इंग्रजी आठासारखाच दिसतो. तेव्हा तुमचा संशय नेमका तीन सेकंदाचा असेल तर सगळ्यात आधी तिथेच बघा. शिवाय शीट लिहिणारा वेगळा, घड्याळ वाचणारा वेगळा, आणि मधे माईकवर नाच-गाण्याची अनाऊन्समेंट चालू, "शेहेचाळीस" आणि "चव्वेचाळीस" ओरडून सांगितलं की ऐकणाऱ्याला काय ऐकू येईल ते देव जाणे.

दुसरं म्हणजे दशांश चिन्हानंतर किती आकडे आहेत ते बघा. हाताच्या घड्याळाचं टायमिंग दोन आकडी लिहायचंच नसतं. स्टॉपवॉच ४३.१२ दाखवतं हे खरं, पण नियम असा की ते पुढच्या दशांशावर न्यायचं, म्हणजे ४३.१२ चं ४३.२, आणि ४३.१९ असेल तरी ४३.२. मागे आणायचं नाही, कायम पुढेच. दोन आकडी टायमिंग फक्त फोटोफिनिशवाल्या इलेक्ट्रॉनिक सिस्टीमचं, जिथे बंदूक उडाली की घड्याळ आपोआप सुरू होतं आणि माणसाचा अंगठा मधे येत नाही. त्यामुळे तालुक्याच्या शीटवर ४३.१२ दिसलं की एवढं पक्कं समजा, लिहिणाऱ्याला हा नियम माहीत नाही, आणि ज्याला हा माहीत नाही त्याला बाकीचे किती माहीत असतील हा पुढचा प्रश्न. मला विचाराल तर अशा शीटवर सही करणाऱ्याचा त्या दिवशीचा वडापाव बंद केला पाहिजे.

आता बेरीज, हीच खरी कसोटी

रिलेमधल्या चारही पोरांचं १०० मीटरचं वैयक्तिक टायमिंग काढा. त्याच दिवशीचं असेल तर उत्तम, नसेल तर त्याच सीझनचं. चौघांची बेरीज करा. रिलेचं टायमिंग या बेरजेपेक्षा कमी यायलाच पाहिजे, कारण पहिला सोडला तर बाकी तिघं धावत धावत बॅटन घेतात, त्यांना शून्यापासून उठावं लागत नाही. किती कमी, हा मुद्दा.

बोल्टचं बर्लिन २००९ चं ९.५८ घ्या. पहिल्या १० मीटरला त्याला १.८९ सेकंद लागले, आणि पूर्ण वेगात असताना तेच १० मीटर ०.८१ मध्ये. म्हणजे नुसतं उठण्यातच सेकंदभर जातो, जगातल्या सगळ्यात फास्ट माणसाचासुद्धा. रिलेत हा सेकंद तीन जणांचा वाचतो, मोटामोटी तीन सेकंद. त्यातून एक्स्चेंजमध्ये जे हरवतं ते वजा करा, हात मागे केला पण बॅटन आलीच नाही, घेणारा लवकर सुटला, देणाऱ्याचा दम संपला वगैरे. जमैकाच्या त्या चौघांच्या आयुष्यातल्या बेस्ट टायमिंगची बेरीज करून बघा, कार्टर ९.७८, फ्रेटर ९.८८, ब्लेक ९.६९, बोल्ट ९.५८, झाले ३८.९३. रिले ३६.८४. फरक २.०९.

आता शाळेचं गणित. समजा चार पोरं ११.९, १२.१, १२.० आणि १२.३ ची आहेत. बेरीज ४८.३. एक्स्चेंज ठीकठाक असतील तर रिले ४६.३ ते ४७ च्या आसपास यायला पाहिजे. ४६ आला तर म्हणू की पोरांनी बॅटनवर मेहनत घेतलीय. फरक अडीचच्या वर गेला की थांबायचं आणि तपासायचं, तीनच्या वर गेला तर घड्याळ, अंतर नाहीतर आकडा, यातलं काहीतरी नक्की चुकलंय. ४३.२ म्हणजे फरक ५.१, ते कुठल्याच एक्स्चेंजने होत नाही.

एक भान ठेवा, शंभरचं टायमिंग पण हाताचंच असतं आणि तेही त्याच माणसांनी घेतलेलं असतं. दोन्ही एकाच प्रकारचं असेल तरच तुलना करा. आणि उलटंपण होतं बरं का, कधी कधी टीममधला एखादा पोरगा वैयक्तिक शंभरला उतरलेलाच नसतो, तो लांब उडी आणि दोनशे करतो, आणि तोच चौघातला सगळ्यात फास्ट असतो. तेव्हा चारही आकडे हातात नसताना बेरीज करून कोणावर धावून जाऊ नका.

या बेरजेतून तुम्हाला तुमचा संशयाचा आकडा मिळतो. अपेक्षित ४६.५, लिहिलेलं ४५.९, संशय ०.६ चा. अपेक्षित ४६.५, लिहिलेलं ४३.२, संशय ३.३ चा. आता हा आकडा घेऊन पुढे चला.

घड्याळ: दोन-तीन दशांशांचा गुन्हेगार

हाताचं टायमिंग जवळपास नेहमी खऱ्यापेक्षा कमी येतं. कारण सोपं आहे, स्टार्टला लाकडी फळ्यांचा क्लॅपर बघून किंवा ऐकून अंगठा दाबायला वेळ लागतो, म्हणजे घड्याळ उशिरा सुरू होतं, आणि फिनिशला मात्र पोरगा येताना दिसत असतो म्हणून अंगठा वेळेवर, कधी कधी जरा आधीच पडतो. म्हणूनच हाताचं टायमिंग इलेक्ट्रॉनिकशी जुळवताना १०० आणि २०० ला ०.२४ आणि ४०० ला ०.१४ वाढवायची पद्धत आहे. रिलेला यातलं काहीही धरा, फरक पावसेकंदाच्या आतलाच.

आवाजाचं वेगळं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. टायमकीपर फिनिशला आणि स्टार्टर ५० मीटर लांब असेल तर आवाज पोचायलाच ०.१५ जातात, शंभरच्या रेसला तर जवळपास ०.३. म्हणून नियम असा की बंदुकीचा धूर किंवा जाळ बघून घड्याळ सुरू करायचं, आवाज ऐकून नाही. आपल्याकडे बंदूक कुठली, लाकडी क्लॅपर असतो, तो स्टार्टरने डोक्यावर उंच धरायला पाहिजे आणि टायमकीपरने त्याच्या दोन फळ्या मिटताना बघायच्या. प्रत्यक्षात स्टार्टर तो छातीजवळ धरतो, मागे पोरांची गर्दी, मग सगळे आवाजावरच दाबतात.

विचारायचं काय, तर घड्याळं किती होती. नियमात तीन टायमकीपर, त्यातल्या दोघांचं सारखं आलं तर ते, तिघांचं वेगळं आलं तर मधलं. दोनच घड्याळं असतील तर जे जास्त आहे ते घ्यायचं, कमी नव्हे. आणि एकच घड्याळ असेल, तर मग ते टायमिंग म्हणजे एका माणसाचं मत आहे, एवढंच. तो माणूस स्टार्टला बाजूच्याशी बोलत होता आणि सेकंदाने उशिरा दाबलं, तर ते पकडायला जगात काही साधन नाही. एका घड्याळाच्या रेसमध्ये सेकंद दीड सेकंदाची चूक अशीच होते, आणि ती लपवायची कोणाला गरजपण नसते कारण त्याला स्वतःलाच कळत नाही.

फिनिश छातीने मोजतात, डोक्याने नाही, पुढे केलेल्या हाताने नाही, बॅटनने तर नाहीच. धड रेषेच्या अलीकडच्या कडेवर आलं की थांबवायचं. टायमकीपर रेषेच्या बरोबर सरळ रेघेत बसलेला नसेल, मंडपाच्या सावलीसाठी पाच-सहा मीटर सरकून बसला असेल, तर त्याला रेस लवकर किंवा उशिरा संपल्यासारखी दिसणारच.

मैदान: इथे पाऊण-एक सेकंद आरामात लपतो

कोकणातली शाळेची मैदानं कशी असतात ते सांगायला नको. एका बाजूला डोंगर कापलेला, दुसऱ्या बाजूला भाताचा मळा, कोपऱ्यात एक आंबा जो तोडायला कोणी तयार नाही. ४०० चा ट्रॅक बसतच नाही, म्हणून २०० चा आखतात आणि ४×१०० दोन फेऱ्यांत होते. पावसात फक्की, म्हणजे रेषा मारायची पांढरी पूड, धुऊन जाते, सकाळी परत मारायची, आणि ती मारताना आंब्याजवळचा टर्न जरा आत घ्यायचा कारण मुळं वर आलीत. हा "जरा" महाग पडतो.

गणित बघा. गोल भागाची त्रिज्या अर्ध्या मीटरने कमी झाली की एका फेरीत ३.१४ मीटर कमी होतात. दोन फेऱ्यांत ६.२८. पोरं सेकंदाला ९ मीटरने धावतायत असं धरलं तर ०.७ सेकंद, फुकटात.

मोजायचं कसं? ट्रॅकची लांबी पांढऱ्या रेषेवरून मोजत नाहीत, पोरगा जिथून धावतो तिथून मोजतात. आतल्या बाजूला उंच कठडा असेल तर रेषेपासून ३० सेंटीमीटर, नुसती फक्कीची रेष असेल तर २० सेंटीमीटर बाहेरून. स्टँडर्ड ४०० चा ट्रॅक म्हणजे ८४.३९ मीटरच्या दोन सरळ बाजू आणि ३६.५० ची त्रिज्या, त्यात हे ३० सेंटीमीटर घालून ३६.८० ने गोल काढला की बरोबर ४०० होतात, करून बघा. २०० साठी सरळ बाजू ४० मीटरच्या घेतल्या तर गोल भागाला १२० उरतात, धावायची त्रिज्या १९.१० येते, आणि फक्की मारायची १८.९० वर. ज्या सरांनी ट्रॅक आखला त्यांना एवढंच विचारा, "सर, सेंटरची खुंटी कुठे होती आणि दोरी किती मीटरची घेतली?" उत्तर पटकन आलं तर ट्रॅक बरोबर असण्याची शक्यता जास्त. "अंदाजाने घेतली" म्हणाले तर कळलंच.

टेप स्टीलची घ्या. कापडी टेप ओढली की वाढते, नायलॉनची दोरी तर विचारूच नका. मोजणी दोनदा करा, दोघांनी, आणि शक्यतो स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशीच, नाहीतर एका सरीत रेषा गायब.

आता लेनचं, जे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं कारण इथे प्रामाणिक माणसं प्रामाणिकपणे चुकतात. बाहेरच्या लेनला पुढे उभं करतात, ज्याला आपण स्टॅगर म्हणतो. १.२२ मीटरच्या लेन असतील तर प्रत्येक लेनला एका फेरीमागे ७.६७ मीटर, मग ४०० चा ट्रॅक असो की २०० चा, सारखंच. कठड्यावाल्या ट्रॅकला दुसऱ्या लेनचे ७.०४, कारण पहिल्या लेनचं ३० सेंटीमीटर आणि बाकीच्यांचं २०. हे आकडे छापील तक्त्यात मिळतात आणि सर तो तक्ता घेऊन येतात. पण मैदान लहान, म्हणून लेन आखल्या १ मीटरच्या. १ मीटरच्या लेनला स्टॅगर ६.२८ च पाहिजे. तक्त्याप्रमाणे ७.६७ दिले की प्रत्येक लेनला फेरीमागे १.३९ मीटर जास्त मिळाले. चौथ्या लेनला तिप्पट, ४.१७. दोन फेऱ्यांना ८.३ मीटर! म्हणजे चौथ्या लेनची टीम ४०० ऐवजी ३९२ मीटरच्या आसपास धावली आणि तिचं टायमिंग ०.९ ने कमी आलं. त्या पोरांनी काय पाप केलं यात? त्यांना जिथे उभं केलं तिथून ती धावली.

म्हणून विचारा, टीम कुठल्या लेनला होती. त्या दिवशीच्या सगळ्या हीटमध्ये बाहेरच्या लेनवालेच जिंकले असतील तर मैदान बोलतंय असं समजा. उलट स्टॅगर एकाच फेरीचा दिला आणि धावायला दोन फेऱ्या लेनमध्येच लावल्या, तर बाहेरच्यांचं नुकसान होतं, टायमिंग वाढतं, तिथे संशयाचा प्रश्नच नाही पण रडारड होते.

एक्स्चेंज झोन

२०१८ च्या सीझनपासून झोन ३० मीटरचा आहे, पूर्वीचा २० चा झोन आणि मागचे १० मीटर धाव घ्यायचे, ते सगळं एकच केलं. १०० च्या खुणेच्या आधी २० मीटर आणि नंतर १०. बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून जुनाच नियम आहे, त्यामुळे "तो झोनच्या बाहेरून सुटला" ही तक्रार करण्याआधी कुठला झोन आखला होता ते विचारा. झोनच्या आत काय असायला पाहिजे, तर बॅटन. पाय, हात, शरीर कुठे आहे याला महत्त्व नाही. घेणाऱ्याने मात्र झोनच्या आधीपासून धावायला सुरुवात करायची नाही. पोरांनी झोनमध्ये गडबड केली तरी त्यातून दोन-तीन सेकंद वाचत नाहीत, उलट बहुतेक वेळा वेळ जातोच. हा मुद्दा टीम बाद करायला उपयोगी आहे, टायमिंगचा उलगडा करायला नाही.

वाऱ्यावरून वाद घालू नका. दुपारनंतर खाडीकडून वारा सुटतो हे खरंय पण रिलेत पूर्ण गोल धावायचा असतो, एकीकडे पाठीवर तर दुसरीकडे तोंडावर. १०० आणि २०० ला सेकंदाला २ मीटरची मर्यादा आहे, रिलेच्या रेकॉर्डला वाऱ्याची अटच नाही.

व्हिडिओ असेल तर अर्धं काम झालं

आणि व्हिडिओ असतोच. कोणाचातरी मामा, कोणाचीतरी ताई उभी असते मोबाईल घेऊन. ४×१०० चं सोयीचं असं की स्टार्ट आणि फिनिश जवळजवळ असतात, त्यामुळे एकाच व्हिडिओत दोन्ही सापडतात. अट एकच, मधे कट नको. रील बनवलेला, गाणं लावलेला, स्लो केलेला व्हिडिओ कामाचा नाही. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि फ्रेम उडू शकतात, म्हणून डॉक्युमेंट करून मागा.

कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये उघडा, इंग्रजी ई ची की दाबली की एक एक फ्रेम पुढे जातो. किनोव्हिया नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात स्टॉपवॉचच मिळतं, तेही चालेल. क्लॅपर मिटलेला पहिला फ्रेम शोधा. क्लॅपर दिसत नसेल तर पहिल्या पोराची पहिली हालचाल घ्या आणि त्यात ०.२ च्या आसपास रिअॅक्शनचे वाढवा. मग छाती रेषेवर येते तो फ्रेम. मधल्या फ्रेमची संख्या भागिले सेकंदाला किती फ्रेम. ३० चा व्हिडिओ असेल आणि १३९२ फ्रेम आले तर ४६.४. मोबाईल कधी कधी उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग बदलतो, म्हणून फ्रेम मोजण्यापेक्षा व्हिडिओतली वेळ वाचता आली तर ती वाचा.

यातून किती अचूक मिळतं? ३० फ्रेमला एक फ्रेम म्हणजे ०.०३ सेकंद, दोन टोकांची चूक धरून ०.१ च्या आत. पण मोबाईल फिनिशच्या रेषेत नसेल, तिरका धरलेला असेल, तर अजून दोन दशांश सोडून द्या. एका दशांशाचा वाद यातून मिटणार नाही. तीन सेकंदाचा मात्र पाच मिनिटांत मिटतो, आणि तोच वाद ग्रुपवर रात्रभर चाललेला असतो.

जमलं तर बॅटन प्रत्येक १०० च्या खुणेवरून जाते ती वेळपण लिहा. बाराचा पोरगा धावत सुटून ११ च्या आसपास लेग करेल. एखादा लेग साडेनऊचा आला, तर त्या पोराकडे नाही, त्या टर्नकडे बघा. बहुतेक तो आंब्याच्या बाजूचाच असेल.

आणि मग पोरं

हे सगळं करून, टायमिंग खरं ठरून, तरीही काही टोचत असेल तरच इथे या. वय चोरतात हे आपल्याला सगळ्यांनाच माहिती आहे, १४, १७, १९ असे गट असले की दाखल्यावरच्या तारखा हलतात. त्यासाठी वय चोरण्याविरुद्धचा राष्ट्रीय कोड, म्हणजे नियमावली, आहे, आणि मनगटाचा एक्सरे काढून हाडांचं वय बघायची टीडब्ल्यू३ नावाची पद्धत आहे. पण ती सांगते अंदाजे वय, जन्मतारीख नाही, आणि ती करायचा अधिकार अधिकाऱ्यांचा, ग्रुप अॅडमिनचा नाही. तुम्ही काय मागू शकता, तर प्रवेश अर्जासोबत जोडलेली कागदपत्रं तपासावीत एवढंच, लेखी, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात. पात्रतेची हरकत शक्यतो रेस सुरू व्हायच्या आधी नोंदवायची असते, रिझल्टवरची हरकत निकाल जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांत, आधी तोंडी रेफरीकडे. लोकल स्पर्धेत वेळ आणि फी वेगळी असू शकते, माहितीपत्रक वाचा. चार दिवसांनी फेसबुकवर लिहिलेली हरकत नसते, ती चुगली असते.

डोपिंगचं थोडक्यात. २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाची, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेची, माणसं आली म्हटल्यावर खेळाडू पळून गेले आणि १०० च्या फायनलला एकच जण उरला, हे पेपरात सगळ्यांनी वाचलं. तेव्हा हा प्रकार नाहीच असं म्हणणार नाही. पण चार पोरांचं टायमिंग एका आठवड्यात तीन सेकंद खाली आणणारं औषध नसतं. मापात बसत नाही ते कारण सोडून द्या.

उलट पंधरा-सोळाच्या पोरांची उंची एका पावसाळ्यात वाढते आणि शंभरचं टायमिंग झपकन उतरतं, आणि नुसत्या एक्स्चेंजची दोन महिने प्रॅक्टिस करून सेकंदभर कमी करणाऱ्या टीम असतात. गेल्या वर्षीचं टायमिंग काढून "एवढा फरक कसा" म्हणणाऱ्यांनी हे बघत चला. शेवटी टीम पुढे जाणारच आहे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गवाले कोल्हापूर विभागाला, रायगडवाले मुंबईला, तिथे मोजलेल्या ट्रॅकवर काय येतं ते बघा. तालुक्याला हाताने ४५.८ आणि विभागाला इलेक्ट्रॉनिकवर ४६.१ आलं तर टीम खरी आहे, तो फरक अंगठ्याचा. ४३.२ चं थेट ४६.८ झालं तर पोरं तीच, आपल्या तालुक्याचं मैदान आणि घड्याळ पुढच्या वर्षीसाठी दुरुस्तीला घ्या.

विचारायचं कसं याचीपण पंचाईत होते म्हणून मेसेज देऊन ठेवतो, नाव बदलून पाठवा. "नमस्कार सर, अभिनंदन. मुलं मस्त धावली. आमच्या मुलांच्या तयारीसाठी विचारतोय, टायमिंग हाताचं होतं का, घड्याळं किती होती, आणि तुमची टीम कुठल्या लेनला होती? कोणाकडे पूर्ण रेसचा व्हिडिओ असेल तर डॉक्युमेंट करून पाठवाल का?" पर्सनलवर पाठवा, ग्रुपवर नको. उत्तर नाही आलं तर फोन करा, सरांना मेसेज वाचायची सवय नसते. आणि टायमिंग खरं निघालं तर त्या व्हिडिओतले तीन एक्स्चेंज कापून आपल्या पोरांना दाखवा, घेणाऱ्याचा हात कधी मागे जातो ते फ्रेम फ्रेमने दिसतं.